तिसऱ्यांदा विचार, डेल्मर!

...आणि मी म्हणत होतो, मला काहीही झालेलं नाही! पण ऐकतंय कोण? तुम्हाला सांगतो मंडळी, याच चर्चच्या तळघरात गेल्या वर्षी नर्स मार्लिसनं हार्ट अटॅकचा वर्ग घेतला ना, त्या दिवसापासून मी माझ्याच घरात कैदी आहे! आमच्या बायकोनं, लव्हॉननं, तो लक्षणांचा कागद घरी आणला, माशाच्या आकाराच्या चुंबकानं फ्रिजवर लावला, आणि माझं बर्फ उपसायचं फावडं गॅरेजात कुलूपबंद! मी ढेकर दिला की ही हजर. "आर्विड, छातीवर दाब येतोय का रे?" अगं, कोबी आलाय वर! जांभई दिली, "धाप लागली?" डावा हात वर केला... अहो, कपाटातली कॉफी काढायला केला... तर ही फोनकडे धावली! मला काहीही झालेलं नाही, बाई!

बरं, तो जानेवारीतला रविवार. चर्चहून आलो, खिमा-बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये, आणि ही मलाच विचारतेय, "जबडा दुखतोय का तुझा?" आणि हात कुठे? स्वतःच्या जबड्यावर! म्हटलं, तुझा दुखतोय का? तर म्हणे, "छे, दात असेल. पाठही जरा भरलीय. मळमळतंय, पण ते चर्चच्या कॉफीनं." आणि खाली बसली.

बसली हो! एक्केचाळीस वर्षांत सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ही बाई बसलेली मी पाहिली नाही. ओव्हनमधून करपल्याचा वास येतोय, आणि ही बसलेली! कपाळावर घाम, बाहेर उणे वीस! फ्रिजवरचा कागद ओढला, तर मासा खाली पडला, आणि त्याच्याखाली एक ओळ: बायकांना कधी कधी छातीत दुखतच नाही... जबडा, पाठ, मळमळ, थकवा. वर्षभर त्या माशानं ती ओळ झाकली होती!

रुग्णवाहिकेसाठी नऊ-एक-एक फिरवला. ही ओरडतेय, "मला काहीही झालेलं नाही! रुग्णवाहिकेवाल्या डेल्मरला त्रास देऊ नकोस, त्याची मॅच चालू असेल!" म्हटलं, मीच गाडीतून नेतो. फोनवरची बाई कडाडली, "गाडीला हात लावू नका! ॲस्पिरिन चालते ना तिला? एक गोळी चावायला द्या, दार उघडं ठेवा."

डेल्मर आला रुग्णवाहिका घेऊन. आपलाच माणूस, आपलीच रीत! "लव्हॉनताई, झोपता का स्ट्रेचरवर?" "नको रे, उगाच." हा थांबला. बूट बघतोय! "थोडा वेळ तरी?" "नको नको, तुमची जेवणं व्हायची असतील." आणि हा पुन्हा थांबला! आपण केकचा तुकडासुद्धा दोनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाही, कबूल... पण अरे, हा केक आहे का? मी किंचाळलो, "डेल्मर, तिसऱ्यांदा विचार! पटकन विचार!" त्यानं विचारलं. तेव्हा ही म्हणाली, "बरं... तू एवढं म्हणतोयस तर. पण ती हॉटडिश घे बरोबर, करपलेलं काढून टाक."

डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास घालवला असता तर... जाऊ दे. ते वाक्य मला अजून पुरं बोलता येत नाही.

आता ती ठणठणीत. बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय. आता मी तिच्या मागे असतो, जबडा कसाय, पाठ कशीय, आणि ती खेकसते, "मला काहीही झालेलं नाही!" आणि आज इथं बोलायला मला तिनंच उभं केलं. दोनदा नको म्हटलं हो मी...

काय गं? घाम? अगं, हीटर माझ्या पाठीशी आहे! धाप? न थांबता बोलतोय म्हणून! मला काहीही झा... डेल्मर, तू का उठलास? खाली बस. नको. नको म्हटलं ना!

आता विचारू नकोस हं...

विचारलंसच?

बरं. तू एवढं म्हणतोयस तर.