पहिल्या हाकेची ओ

मी डहाणूजवळच्या कैनाडची. म्हणजे गावातली पण नाय, गावाबाहेर सेठच्या चिकूच्या वाडीत आमचं घर, बाबा तिथं राखणीला, आई चिकू निवडायला, आणि मावशी, लाडकी तिचं नाव. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, तिचं लग्न झालं नाय, का झालं नाय तेच सांगते. तुम्ही विचारलंत ना, की बाई, तुम्ही होस्टेलच्या पोरींना अभ्यास कसा करायचा शिकवता, मग तुम्ही स्वतः कशा शिकलात. तर काय सांगू तुम्हाला, मी शिकले ती मावशीसमोर बसून, आणि मावशीला एक अक्षर येत नव्हतं, आणि मावशी तरी तिथं होती का नव्हती, ते मला आजपण धड सांगता येत नाय.

आमच्या पाड्यावर एक रीत आहे, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. कोणी नाव घेतलं तर गप राहायचं, दुसरी हाक आली की मग ओ. माणूस दोनदा हाक मारतो, आणि ते दुसरं जे असतं, त्याचं नाव मी घेत नाय, ते एकदाच मारतं. तुम्ही हसताय, हसा, इथल्या पोरीपण हसतात, पण हसून झाल्यावर त्यापण पहिल्या हाकेला ओ देत नाय.

मावशी तरणी होती तेव्हा भर दुपारी वाडीत चिकू काढत होती, हातात ती जाळी लावलेली काठी, आणि आई शेजारच्याच झाडाखाली टोपली घेऊन बसलेली. आणि मावशीला हाक आली, लाडके, आईच्या आवाजात. आईच्या तोंडात तंबाखू, तिनं तोंडच उघडलं नव्हतं, पण आवाज तिनंपण ऐकला, स्वतःचाच आवाज, वाडीच्या त्या टोकाकडून. मावशी बोलली, ओ, आले. काठी टाकली आणि चालायला लागली. आई ओरडली, अगं मी इथं आहे, इथं, पण मावशीनं मागं बघितलं नाय. सांजेला विहिरीमागं सापडली, अशी मांडी घालून बसलेली, अंगावर ओरखडा नाय.

तेव्हापासून मावशी कामाला चांगली, जेवायला चांगली, पण लाडके अशी हाक मारली की ओ द्यायची नाय. दहा वेळा मारा. नुसती बघायची आणि बोलायची, ती गेली. कुठं गेली? तर तिकडं, येईल. भगत झाले, डहाणूचे डॉक्टर झाले, ते बोलले मनाचा आजार आहे, गोळ्या द्या. गोळ्या खाऊन मावशी झोपायची आणि उठून परत तेच, ती गेली. आम्हाला सवय झाली. माणसाला कशाचीपण सवय होते, नाय का.

तर मी बारावी झाले आणि डहाणूला कॉलेजात नाव घातलं. घरातली पहिलीच. शेअर रिक्षानं जायचं, यायचं. बाबांनी तेव्हाच सांगून ठेवलेलं, पास झालीस तर शिक, वर्ष गेलं तर मग तू फुग्याच्या कारखान्यात आणि मग तलासरीकडचं ते स्थळ. स्थळ वाईट नव्हतं हो, बिचारा चांगला होता, पण मला शिकायचं होतं, जीव तोडून शिकायचं होतं. आणि पहिल्याच चाचणीत मी तोंडावर आपटले. कारण मी सगळं घोकून गेले, पानच्या पान, आणि पेपरात पहिला शब्द विसरले तशी मागची सगळी माळ सुटली.

आमचे अर्थशास्त्राचे सर घाटावरचे, कडक, पण माणूस सरळ. ते बोलले, वनिता, घोकू नकोस. रोज शिकवलं ते त्याच दिवशी घरी जाऊन कोणालातरी सांग, पुस्तक मिटून, तुझ्या घरच्या भाषेत. जिथं अडशील तिथं तुला आलेलं नाय असं समज, तेवढंच परत वाच. मी बोलले, सर, घरी कोणाला सांगू, सगळी दमून येतात. ते बोलले, भिंतीला सांग.

भिंतीला कशाला, मावशी होती की. ती चिकू निवडत बसायची, मोठा इकडं, बारका तिकडं, आणि मी समोर बसून सांगायची. मागणी सांगितली, पुरवठा सांगितला, चिकू जास्त झाला की भाव कसा पडतो ते सांगितलं. आणि मी अडले की मावशी मान वर न करता बोलायची, मग? एवढंच. मग? तो मग ऐकला की मला घाम फुटायचा आणि डोकं चालायला लागायचं. पुढच्या चाचणीत मी बरी पास झाले, सर खूश, मी खूश.

एकदा सांगत होते, की भुकेल्या माणसाला पहिली भाकरी लय गोड लागते, दुसरी जरा कमी, आणि अडले, तास तिथंच संपलेला. मावशी बोलली, आणि पोट भरल्यावरची डोळ्यासमोर नको होते, वनिता, ती भाकरी कुत्र्याला घालतात. मी बोलले, तुला कोणी सांगितलं? ती बोलली, उद्या सांगतील. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, खडू उचलला आणि बोलले, पोट भरल्यावरची भाकरी डोळ्यासमोर नको होते, ती आपण कुत्र्याला घालतो. तसंच्या तसं. आता तुम्ही बोलाल, भाकरीचं कोणालापण सुचेल. सुचेल ना. मीपण स्वतःला तेच सांगितलं.

आणि मग ऑफिसातून बोलावणं आलं, की तुझी हजेरी भरत नाय, परीक्षेला बसता येणार नाय. मी बोलले, अहो मी तर रोज येते, पहिल्या बाकावर बसते. तर काय झालेलं, आमच्या शाळेतले गुरुजी इथलेच होते, ते हजेरी घेताना नाव दोनदा घ्यायचे, त्यांनापण ठाऊक. कॉलेजात सर नाव एकदा घ्यायचे आणि पुढं. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायची, आणि मला वाटायचं, समोर बसलेय म्हणजे दिसतेच की त्यांना. सर खाली मान घालून गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

मी सरांना सगळं सांगितलं, मावशीचंपण. ते हसले नाय, ते मला आवडलं. पण बोलले, पोरी, एवढ्या मोठ्या वर्गात मी एकासाठी दोनदा नाव घेतलं तर उद्या सगळेच मागतील. मी ऑफिसात शब्द टाकतो, पण आता परीक्षेपर्यंत एकपण हजेरी चुकवायची नाय. माझ्या पहिल्या हाकेला बोलायचं. घरी सांगितलं तर आई चुलीपुढून उठलीच नाय, तिथनंच बोलली, वर्ष जाऊ दे, शिक्षण जाऊ दे, ओ द्यायची नाय. बाबा बोलले, मग तलासरीला निरोप धाडू? आणि मावशी बोलली, मग?

रात्रभर डोळा लागला नाय. सकाळी गेले. दुपारचा तास, वर्गात पोरांचा गोंधळ, पंखा गरगरतोय, आणि सरांचा आवाज आला, वनिता. स्पष्ट, अगदी सरांचाच. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि बोलले, हजर सर. मोठ्यानं बोलले.

सरांनी मान वर केली आणि बोलले, अगं थांब, मी अजून सुरुवात केली नाय.

त्यांच्या पेनाचं टोपणपण काढलेलं नव्हतं. पोरी हसल्या, सरपण जरा हसले, आणि मग हजेरी सुरू झाली, माझं नाव आलं, मी परत बोलले हजर, ती मांडली गेली. तिथनं पुढं एकपण चुकली नाय. पण मी बसलेल्या जागी गारठले होते. मी ओ दिली होती, आणि कोणाला दिली ते मला माहीत नव्हतं.

घरी आले. मावशी विहिरीवर कपडे धूत होती. मी सवयीनं हाक मारली, लाडके मावशे. आणि ती बोलली, ओ.

पहिल्याच हाकेला. आई अंगणात होती, तिनं ऐकलं. मावशी ओल्या हातानं वर आली, आम्हाला बघितलं, आपल्या केसांना हात लावला आणि आईला बोलली, ताई, माझे केस गं कोणी पांढरे केले? आईनं तिला असं पोटाशी धरलं आणि रडली, काय रडली, मीपण रडले. आणि रडता रडता आईनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. लय वेळ बघितलं. माझं नाव घ्यायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

मी परीक्षा दिली, पास झाले, पुढचीपण सगळी झाले, नोकरीपण भेटली. मावशी मस्त आहे, सगळ्यांशी भांडते. पण धडा सांगायला बसले तर जांभया द्यायची, बोलायची, काय बडबडतेस, मला नाय समजत. मग मीच मला विचारायला शिकले, मग? इथं पोरींनापण तेच सांगते, की रोजचं रोज सांगा, अडलात तर लाजू नका, सरांना विचारा, रात्र रात्र जागून डोकं फिरवून घेऊ नका, आणि हजेरीला आवाज द्या, नुसतं बसलेलं कोणाला दिसत नाय. बाई, तुम्ही स्वतः ती हाक कधी ऐकली का असं पोरी मला विचारतात, त्याचं उत्तर मी देत नाय.

आई आता थकली. शेजारपाजारी कौतुक करते, माझी पोरगी होस्टेलवर साहेबीण आहे बोलते. मला बोलावते तर ए बाय, ए पोरी. त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारली नाय. गेल्या दिवाळीला मी हट्टच धरला. बोलले, आई, मी तीच आहे गं, तुझीच, एकदा हाक मार, हवं तर दोनदा मार. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि बोलली, मारीन गं, पण मावशीसारखं तूपण बोललीस, ती गेली, तर मी काय करू?

मी जेवायला वाढलं, आम्ही जेवलो. ती सुखी राहो, आहे तेवढी वर्षं, मला बाय बोलून सुखी राहो. तुमची पोरं शिकू दे, मोठी होऊ दे, आणि शिकून घरी आली की त्यांच्या आयांना ती ओळखू येऊ दे, दुसरं काय मागू.