किक काकूंचीच

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या स्कूटरची वाट बघत होतो. शेजारी एक काका-काकू बसले होते आणि समोर मिस्त्रीने त्यांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन खोलून ठेवलं होतं.

"काका, सिलिंडर बोअर करून आणलाय, पिस्टन मोठा टाकतोय. आता चढावर दम लागणार नाही."

"गाडीला नाही लागणार. यांचं काय?"

"अगं, ऐक तरी. बटणाचा स्टार्टरही बसवून घेऊ. तुझा गुडघा वाचेल."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? लग्न झाल्यापासून किक मीच मारतेय."

"मी मारली की उलटा झटका देते ना ती!"

"देणारच. तुम्ही नुसते दणके घालता. आधी हळूच दाबायची, अडली की मग मारायची. शिकवून शिकवून थकले."

"म्हणून तर बटण म्हणतो."

"काही नको. बटण काय, तुम्हीसुद्धा दाबाल. मग रोज सकाळी मला खालून हाका कोण मारणार?"

"बरं बाई, राहू दे किक."

"आलेच मी, पाणी पिऊन."

"काका, पण गाडी सोडायला आलात तेव्हा तर तुम्ही एका किकेत चालू केली होतीत."

"हळू बोल रे बाबा! नळ इथंच आहे."