बायोस आणि मिक्सर

बेंबळीच्या एसटीत ज्ञानोबांच्या शेजारी एक नवरा-बायको येऊन बसले. नवऱ्याच्या मांडीवर जुना कॉम्प्युटर होता, आणि दोघांचं भांडण स्टँडपासूनच चालू होतं. ज्ञानोबांनी लगेच झोपेचं सोंग घेतलं.

"मोठी डिस्क आणली, तर ह्या म्हाताऱ्या बोर्डाला ती निम्मीच दिसंना. म्हणून त्याचं बायोस, म्हंजी बोर्डाला चालू करणारा आतला प्रोग्राम, अपडेट करीत होतो, श्रीदेवी. तेवढ्यात तू मिक्सर लावलास!"

"चटणी तुमालाच पायजे होती. फ्यूज उडंल म्हणून मला काय सपान पडलं होतं?"

"अपडेट अर्ध्यात आन लाइट गेली, की बोर्ड मरतंय. मेलं."

"मग गावाच्या लग्नांचं शूटिंग?"

"ते जुन्या डिस्कवर शाबूत हाय. बोर्ड बदललं की सगळ्यांचं दिसंल."

"आपलंबी?"

एसटीनं दोन खड्डे घेतले.

"आपलं कवाच पुसलं. जागा पुरंना, आन गिऱ्हाइकाचं कसं पुसावं?"

ज्ञानोबांनी एक डोळा किलकिला केला. बाई शांतपणे पदर सारखा करत होती.

"बरं. मोठी डिस्क चालू झाली की तिच्यावर पयलं आपलंच लग्न टाका."

"आता ते कुठनं आणू?"

"परत लावू की. शूटिंग तुमी करा, नवरा मी दुसरा बघते."