मेरिडिथला घातलेला हार

सन्माननीय अध्यक्षा राजश्रीताई, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे पंचाक्षरी आण्णा, आणि जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या आमच्या मंडळातल्या शिल्लक मित्रांनो! शिल्लक म्हणालो म्हणून रागावू नका. गाड्या संपत आल्या तशी माणसंही पांगली, हे मी वेगळं सांगायला हवं का?

मी मृत्युंजय, मंडळाचा चिटणीस. आण्णांची मेरिडिथ मोटार तुम्ही पाहिलीच आहे. गिअरबॉक्सचे दात गेले तेव्हापासून ती अंगणात उभी. बनवणारी विलायती कंपनी कधीच बुडाली. मग सुटा भाग मिळणार कुठून? दुसऱ्या एखाद्या मेरिडिथच्या पोटातूनच. आण्णांची इच्छा एवढीच होती, की एकदा ती स्वतः चालवत सात रस्ता चौकाला चक्कर मारून यायचं. त्यापायी आम्ही सगळा जिल्हा पालथा घातला.

आमची हुडकायची रीत न्यारी. एरवी लोक आम्हाला दलाल समजतात, छपराचं दार उघडत नाहीत. पण दसऱ्याला घरच्या लोखंडाला झेंडूचा हार घातल्याशिवाय कुणाला राहवतं का? त्या दिवशी छपराची दारं उघडीच. म्हणून आम्ही नेमके दसऱ्यालाच गावोगाव फिरायचो. अकलूजकडे एकीची दारं सापडली, कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली. तरी आण्णा म्हणायचे, "फुडच्या दसऱ्याला घावंल की!"

गेल्या दसऱ्याला मंद्रूपात म्हाळसाबाईंच्या छपरात पोत्यांच्या आडून मेरिडिथचं तोंड दिसलं. वर ताजा हार, कुंकू. आण्णांनी तिथल्या तिथं नारळ फोडला, पेढे वाटले. मग आम्ही पोती सरकवली. मागं काहीच नव्हतं. नुसतं बॉनेट, भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"गाडी कवाच भंगारात गेली," बाई म्हणाल्या. "आमचं मालक दर दसऱ्याला हार घालायचे. त्ये गेल्यावर येवडंच मागं ठिवलंय. ह्येला बिनहाराचं बगवत न्हाय, बगा."

परतताना उरलेल्या पेढ्यांचा पुडा तसाच आण्णांच्या मांडीवर होता. त्यानंतर आम्ही शोध थांबवला. आणखी कुठं एखादी असेल, असं मला तरी आता वाटत नाही.

आण्णा उद्या लेकाकडे पुण्याला निघाले. तिथं फ्लॅटखाली एका स्कूटरपुरती जागा. म्हणून आपली मेरिडिथ त्यांनी भंगाराला दिली. मंडळाला तिचं शेवटचं दर्शन घडावं, म्हणून टेम्पो या सभागृहावरूनच न्यायला सांगितलाय.

आण्णांची खुर्ची रिकामी का, असं पाहुणे मघापासून खुणेनं विचारताहेत. बघा, शाल खुर्चीवर आहे, नारळही आहे. आपण गळ्यात घातलेला हार तेवढा नाही. खिडकीपाशी बसलेल्यांनी जरा बाहेर टेम्पोकडे पाहावं. दसरा लांब आहे, आणि तोवर ती काही राहणार नाही.

त्यांना हाक मारू नका. आपण सगळे आलात, माझं ऐकून घेतलंत, मंडळ आपलं ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. आणि टाळ्या आत्ता नकोत. आधी टेम्पो निघू द्या.