वाडग्याची दर्शनी बाजू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दिलीपराव, मंडळाचे चिटणीस सुयश, जपानी येणारी आपल्यातली एकुलती एक ऋता, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या हारुकोबाई, आणि टॅम्पिनीसपासून चोआ चू कांगपर्यंतच्या लांबलांबच्या घरांतून एमआरटीच्या गाड्या बदलत बुकित तिमाहला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सर्वांना नमस्कार. मी मालती. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, जन्मभर घर सांभाळलेली बाई. प्रबोधकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे, राहायला आले त्याला नऊ वर्षं झाली. सुयशने मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'दोन संस्कृतींचा मेळ'. त्यावर मी छान लिहून काढलं होतं. पण काल संध्याकाळी भेटवस्तूचा खोका माझ्याकडे बांधायला आला, आणि तो कागद मी घरीच ठेवला. मागची बाजू कोरी आहे, वाण्याची यादी होईल.

ऋता, तू आत्ता भाषांतर करू नकोस. काकू आभार मानते आहे, एवढंच त्यांना सांग. पुढचं मी सांगेन तेव्हा.

हारुकोबाई आमच्या दाराला लागून राहतात. नवरा गेल्यावर त्या लेकीकडे सिंगापूरला आल्या आणि आता थोरल्या बहिणीचं करायला मंगळवारी परत चालल्या आहेत. मातीची भांडी घडवणं हे त्यांचं जन्माचं काम. गेली सात वर्षं दर श्रावणात त्या आपल्या मुलांना गणपतीची माती मळायला शिकवतात. आधी चपला बाहेर काढतात, हात धुतात, मग मातीला हात लावतात. हे आपल्या मुलांना कुणी शिकवलं? आपण? आपण तर बाहेर फोनवर होतो. आणि बदल्यात त्यांनी घेतलं काय, तर वर्षाला एक मोदक, तोही अर्धा.

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या वर्धापनदिनाला, याच हॉलमध्ये, त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला चहाचा वाडगा मंडळाला दिला. मी तेव्हा मागे पानं मांडत होते, त्यामुळे मला तो दिसला नाही. टाळ्या मात्र ऐकल्या. चांगल्या जोरात होत्या.

पुढे त्या वाडग्याचं काय झालं? सांगते. मंडळाला कपाट नाही, म्हणून दिलीपरावांनी तो घरी नेला. वर्षभराने माझी सत्तरी झाली तेव्हा त्यांच्या घरच्या सुलेखावहिनींनी चकचकीत कागदात बांधून तो मला दिला. वहिनी, मान खाली घालू नका, माझंही ऐका. मी कागद सोडला आणि पाहिलं तर काठ वरखाली, एक अंग दबलेलं, बुडाला चकाकी नाही, नुसती माती. मला वाटलं, भट्टीत बिघडलेला नग दुकानदाराने वहिनींच्या गळ्यात मारला. आठ महिने मी त्यात भांडी घासायची घासणी ठेवली. मग आपल्या मंडळातल्या कादंबरीची वास्तुशांत आली, तेव्हा घासून पुसून, त्याच कागदात बांधून तिला दिला. कागद मी फाडलेला नव्हता. कादंबरीने त्यात मनी प्लांट लावला, हे मला कालच कळलं.

दोन वर्षांपूर्वी मी तापातून उठले, तेव्हा हारुकोबाईंनी मला हाताला धरून त्यांच्या घरी नेलं. चटईवर बसवलं. बांबूच्या बोटभर रवीने हिरवा चहा घुसळला आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला. ठेवण्याआधी हातातल्या हातात दोनदा वळवला. मी खुणेने विचारलं, हे का? त्यांनी दाखवलं. वाडग्याला एक दर्शनी बाजू असते. राखेच्या रंगावरून निळसर ओघळ खाली आलेला, दूध उतू जाता जाता कुणी गॅस बंद करावा तसा मध्येच थांबलेला. ती बाजू पाहुण्याकडे करून द्यायची. आणि पाहुण्याने पिताना ती वळवून घ्यायची, तिला तोंड लावायचं नाही.

त्याला कान नाही, दांडी नाही. त्यामुळे एका हाताने उचलता येत नाही, तीर्थ घेताना आपण खाली हात धरतो तसा दुसरा हात आपोआप खाली जातो. चहा कढत होता, पण हात भाजला नाही, नुसता उबदार झाला. दबलेलं अंग मी दोष म्हणत होते ना? तिथे माझा अंगठा जाऊन बसला. तिथे हारुकोबाईंचा अंगठा आधी बसलेला होता, ओली माती असताना. वरखाली काठावर ओठांना जागा शोधावी लागली नाही. आणि शेवटचा घोट तळाच्या खळग्यात जमला, बुडाची उघडी माती तळव्याला खरखरीत लागली. मी इतकी वर्षं देवाची भांडी घासते आहे, पण भांडं हातात घेतल्यावर हात जोडावेसे वाटले ते त्या दिवशी.

मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, एका भट्टीत असे दोनच चांगले निघाले. एक हा. दुसरा तुमच्या मंडळाला दिला. म्हणजे माझ्या घासणीचा.

मी उठले. तशीच मी कादंबरीला फोन केला. ती म्हणाली, "असेल कुठेतरी, काकू." दोन वर्षं मी विचारत राहिले. दोन वर्षं तो कुठेतरीच होता.

आणि काल खोका उघडते तर आत तोच वाडगा. झाड काढलेलं, माती धुतलेली. मी सुयशला फोन केला. काय म्हणाला माहीत आहे? "काकू, कमिटीत ठरलं की त्यांना काहीतरी अस्सल जपानी द्यावं. कादंबरीताईंकडे एक पडूनच होता." पडूनच होता! ज्या बाईने घडवला, तिलाच आपण तो पाठीवर हात ठेवून भेट देणार होतो. वर फोटोही काढणार होतो.

गैरसमज नको. मिळालेली भेट पुढे देण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी रिबिनीसुद्धा इस्त्री करून ठेवते. माझा राग वेगळा आहे. तीन घरांतून चार वर्षं हा वाडगा फिरला आणि एकानेही त्यातून घोटभर चहा प्यायला नाही. आपल्या हातात वस्तू आली की पहिला विचार, ही कुणाला देता येईल. ती कुणी केली, कशी केली, धरायची कशी, हे पाहायला आपल्याला वेळ नाही. आपल्याला सगळं गुळगुळीत, एकसारखं, डब्यात बसणारं पाहिजे. माणसंसुद्धा. सात वर्षांत हारुकोबाईंना आपल्यापैकी किती जणांनी घरी जेवायला बोलावलं? हात वर करा. कादंबरीने एकदा दोनदा बोलावलं, तेवढंच. बघा.

दिलीपराव, समोरचा खोका रिकामा आहे, तो त्यांना उघडायला लावू नका. वाडगा माझ्या पिशवीत आहे. हा बघा.

ऋता, आता सांग. सगळं सांग. घासणीसुद्धा. आणि म्हणावं, मालती माफी मागते आहे.

(ऋता सांगते; हारुकोबाई उत्तर देतात.)

काय म्हणाल्या? नाही, मोठ्याने सांग, मागेपर्यंत ऐकू दे.

ऐकलंत? त्या म्हणतात, "कादंबरीताईंच्या बाल्कनीत मी तो पाहिला होता. झाड छान वाढलं होतं. पण वाडग्याला खाली भोक नाही, मुळं कुजली असती, म्हणून आले की थोडं पाणी ओतून टाकत होते."

मला वाटलं होतं, निदान त्यांना कळलेलं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्या आपल्या मुलांना माती मळायला शिकवत राहिल्या.

आणि हे पाहा. वाडगा त्यांनी हातात घेतला, वळवला, आणि ओघळाची बाजू माझ्याकडे करून मलाच परत देतायत. घेते. दोन्ही हातांनी घेते.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली, सुयश घड्याळ दाखवतो आहे. हॉलसाठी दिलीपरावांचे, जेवणासाठी राबलेल्या सगळ्यांचे आणि ऋताचे आभार. माझ्या बोलण्याने कुणाला लागलं असेल तर त्यांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. लागलं नसेल तर मला कमी बोलता आलं, त्याबद्दलही क्षमा असावी.

आणि एक. थर्मासमध्ये मी आल्याचा चहा आणला आहे. उष्टं मी पाळते, तेव्हा दर माणसागणिक वाडगा धुतला जाईल, नळ बाहेरच आहे. आज जेवणाची रांग नंतर. आधी ही रांग. दिलीपराव, या. पहिले तुम्ही. असं नाही, दोन्ही हातांनी. आणि आधी वळवा.