शेवटच्या पानावरचं नाव

—नाही, खुर्ची नको. उभ्यानंच काम होईल. हर्षल, तू ते पान उघड, शाळेतल्या त्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या पुस्तिकेचं, आणि लिही — 'सुचना' चुकलं, सू दीर्घ पाहिजे, असली अक्षरं काढून पोरांना काय शिकवणार म्हणावं. — कडक? कडकच लिही. मागच्या वेळी तू गोड करून लिहिलंस, मला कळलं नाही असं वाटलं काय? चौथीपर्यंतच शिकलोय मी, पण जव्हार-मोखाड्यातल्या भिंतींवरची निम्मी अक्षरं माझ्या हातची आहेत. खाली कोपऱ्यात 'तुका पेंटर' असतं, बघ कधी. अक्षर चुकलं की नाव आपलं जातं. — हो, ठाऊक आहे, जव्हारलाही तुझ्यासारखी कॉम्प्युटरची दुकानं आहेत. तिथं मला घरादारासकट ओळखतात, इथं नुसतं भिंतीवरचं नाव. म्हणून दाभोशाहून निघतो, जव्हारला जीप बदलतो आणि इथं मोखाड्याला येतो. पुढं विचारू नको. लिही.

काय? घेत नाही म्हणजे काय? वाच, काय लिहिलंय तिनं — त्या बाईंनी. 'पुस्तिका पूर्ण झाली. आज संध्याकाळी छपाईला जाईल. यानंतर दुरुस्ती घेतली जाणार नाही.' — बरं. मग दुसरी पुस्तिका असेल की. एवढा मोठा पसारा तो. हिरवी पट्टी, बिस्किटाएवढी, तिच्यावर काळा चौकोनी किडा चिकटवलेला — मायक्रोकंट्रोलर ना? — तो म्हणे दिवा लावतो, पंप चालू करतो, माणसानं सांगितलेलं लक्षात ठेवतो. त्याचं एका पुस्तिकेत भागतं होय? — नाही? एकच? म्हणजे हे दुरुस्तीचं दार आज बंद? नीट बघ. खाली सरकव. अजून खाली.

थांब, ते काय? तुझ्या नावाला काहीतरी आलंय. मोठ्यानं वाच, चष्मा घरी राहिलाय माझा. — दर वेळी राहतो, मग? वाच. — 'हर्षलदादा, इतक्या चुका मला कुणीच दाखवल्या नाहीत. तुमचं रागावणंही आवडलं. माझे वडील असते, तर त्यांनीही असंच रागावून नेमके हेच शब्द पकडले असते.' — परत वाच. — असते तर? असते तर म्हणजे काय? मी काय मेलो? जीपमध्ये गुडघे मोडून इथवर आला तो कोण मग, भूत?

— हं. सुटलं तोंडातून. असा बघू नको. हो, मुलगी माझी. रोहिणी. एकुलती. पुण्याला असते, इंजिनिअर आहे. घराच्या दर्शनी भिंतीवर मी तिचं नाव काढलं होतं, निळ्या ऑइलपेंटात, अक्षरांना सावली देऊन, शेवटी 'इंजिनिअर'. जव्हारच्या राजवाड्यावरही तसं अक्षर नसेल. मग तिच्यासाठी स्थळ आलं, चांगलं, घरंदाज. मी शब्द दिला. ती फोनवर म्हणते, बाबा, शब्द तुमचा आहे, माझा नाही. — बापाला असं बोलतात? चुन्याची बादली घेतली आणि नाव पुसलं. माझं घर, माझी भिंत. त्यात माझं काय चुकलं? — दिवाळीला आली. जीपमधून उतरली, भिंत पाहिली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, त्याच जीपमध्ये परत बसली. तिची आई कढई चुलीवर सोडून धावली, तोवर जीप नदीच्या वळणावर. गोदी हाका मारत राहिली आणि मी — मी ओट्यावरच उभा होतो. मी कशाला धावू? — ऑइलपेंटवर चुना टिकत नाही. हे मला ठाऊक नव्हतं होय, मला, पेंटरला? पावसात खालचं निळं वर येतं. मी परत चुना देतो. परत येतं.

त्यानंतर तिनं नंबर बदलला. मैत्रिणीकडून निरोप धाडला, उत्तर नाही. मग शाळेत काळे फळे रंगवायला गेलो, तिथं पोरं ती हिरवी पट्टी घेऊन बसलेली, आणि मास्तरांच्या हातातल्या कागदावर तिचं नाव. मास्तर म्हणाले, मराठीत तीच लिहिते, अजून कच्चं आहे, चूक दिसली तर नेटवरून कुणीही कळवावी, उत्तर येतं. — उत्तर येतं म्हणाले. म्हणून तुझ्या पायरीवर आलो. तुला वाटलं म्हाताऱ्याला शुद्ध अक्षरांचं वेड आहे. अरे, मला त्या किड्याशी काय करायचंय? घरी ते छापील कागद घेऊन बसतो, एकेका ओळीवर बोट ठेवून चूक शोधतो. चूक सापडली की जीव भांड्यात पडतो. चूक म्हणजे तुझ्याकडे एक खेप, खेप म्हणजे एक उत्तर.

गोदी होळीपासून अंथरुणाला आहे. उजवं अंग गेलं. वाचा गेली, एकच शब्द उरलाय — रोही. सकाळी रोही, भाताचा घास पुढं केला की रोही. मी घरी जाऊन तू छापून दिलेला तिच्या उत्तराचा कागद वाचतो, 'धन्यवाद, दुरुस्त केलं.' सांगतो, रोहीचा फोन आला होता, कामात आहे, धन्यवाद म्हणाली. गोदी नुसती बघते माझ्याकडं. — आईला कुणी धन्यवाद म्हणतं होय? तिला कळतं सगळं. पण कागद उशाखाली ठेवून घेते. — आता आज काय नेऊ? तुझा नवरा मेला असं पोरीनं लिहिलंय, ते नेऊ?

सरळ लिहा म्हणतोस. तुझ्या तोंडाला काय जातंय! तुला ती दादा म्हणते, तुझे आभार मानते. माझं नाव दिसलं आणि तिनं दार लावून घेतलं तर? चुन्यानं पुसता येतं हे तिनं माझ्याकडूनच पाहिलंय. — चूक शोध तू. एखादी वेलांटी, एखादा रफार. बघ ना रे, तुझे डोळे तरुण आहेत. — शेवटचं पान? तिथं काय आहे? मदत करणाऱ्यांची नावं. वाच की मग. — 'हर्षल, मोखाडा.' — हे छापणार? पोरापोरांच्या हातात जाणार?

हे चूक आहे. तिच्या निरोपाखाली उत्तराची जागा आहे ना, आणि छपाई संध्याकाळी आहे. लिही. शेवटचं पान, नाव चुकलं आहे. 'हर्षल, मोखाडा' खोडा. तिथं 'तुका पेंटर, दाभोसा' घाला. — लिही म्हटलं ना! आणि पुढं — आईनं अंथरूण धरलंय. एवढंच. 'ये' म्हणू नको. माफी-बिफी काही नको. नाव ठेवायचं का पुसायचं ते तिचं तिनं ठरवावं. पुस्तिका तिची आहे. — थांब, बटण दाबू नको. 'अंथरूण'मधला रू दीर्घ काढलास ना? — दाब.

गेलं? उत्तर तुझ्या मोबाईलवर येईल? तो इथं ठेव, माझ्यासमोर. आण ती खुर्ची. — जीपवाला हाका मारतोय, मारू दे. तुझी जेवायची वेळ झाली ना, जा घरी, तुझ्यासारखं पोरगं उपाशी कशाला. — मी वाचेन. चष्मा खिशातच असतो. तुझ्या तोंडून ऐकलं की तीच बोलतेय असं — ते जाऊ दे. जा तू. आणि जाताना दार ओढून घे.