मांडुळीचं अंग

इंदुताई कमळेला पाहुण्यांना दाखवायला निघाली होती. पोरीला अजून लुगडंही सावरत नव्हतं. वडशाच्या स्टेशनावर शेजारीच एक गारुडी जोडपं पाळलेल्या मांडुळीवरून भांडत होतं.

“धुरपता, नर आणला मी. सोडू दे टोपलीत.”

“नाई सोडू देत.”

“काऊन? चांगली लांब झाली ना मादी!”

“लांब झाली, पन अंग कुठी भरलं? ते अंडी नाई टाकत, पिलं पोटात वागवते. आत्ताच गाभण राह्यली तं मरून जाईन.”

“बाकीचे तं सोडतेत.”

“त्यायच्या मरतेत. माही नाई मरू देत मी.”

“मंग कवा?”

“तिचं अंग भरंन तवा. तुले घाई असंन तं दुसरी पाह्य.”

गाडी आली. कमळा उठली.

“बस, कमळे. नाई जायचं आपल्याले.”

“बाबा बोलतीन ना, माय!”

“बोलू दे.”